मोत्याची सोनोग्राफी

कुत्र्याच्या मूत्राशयाविषयीं वाङ्मयीन मासिकांत लिहावें कीं नाहीं, याचा आम्हीं पुष्कळ दिवस विचार केला. आमच्या पिढीला घरीं व शाळेंत सभ्यतेचे जे धडे मिळाले, त्यांत शरीराच्या कांहीं व्यापारांचा उच्चार चारचौघांत करावयाचा नाहीं, हा पहिला धडा होता. हृदयाविषयीं हवें तितकें लिहावें. त्याला कोणाची ना नाहीं. तें फुटतें, तुटतें, जळतें, हरवतें, आणि प्रत्येक वेळीं त्यावर एक कविता होते. मूत्रपिंड बिचारें दिवसरात्र रक्त गाळीत बसतें, पण त्याच्या वांट्याला एकहि कवि आलेला आमच्या पाहण्यांत नाहीं. हा पंक्तिप्रपंच आम्हीहि आजवर निमूटपणें पाळीत आलों होतों. परंतु गेल्या दिवाळींत इटियाडोहास जें घडलें, त्यानंतर हा संकोच आम्हांस तितकासा निरुपद्रवी वाटेनासा झाला आहे. ज्या वाचकांस विषय ओंगळ वाटेल त्यांनीं हें पान उलटून पुढील पुस्तक-परीक्षणाकडे जावें. आम्ही रागावणार नाहीं.

इटियाडोह हें आमच्या सासुरवाडीचें धरण. सासुरवाडीचें गांव असतें, धरण कसें, असें कोणी विचारील. पण तिकडे धरणाचें नांव सांगितल्यावांचून गांवाची ओळख पटत नाहीं. गोंदिया जिल्ह्यांतील अर्जुनी-मोरगांव तालुक्यांत, गोठणगांवाजवळ, गाढवी नदीवर हें मातीचें धरण १९७० सालीं पुरें झालें. तेव्हां हा सारा मुलूख भंडारा जिल्ह्यांत होता. गोंदिया जिल्हा निराळा झाला तो १ मे १९९९ रोजीं. झाडीपट्टीचा हा प्रदेश मूळचाच तलावांचा. नवेगांवबांधचा जुना तलाव जवळच आहे, आणि कोहळी लोकांनीं पिढ्यान्‌पिढ्या बांधलेल्या लहानमोठ्या तलावांची तर गणतीच नाहीं. धानाच्या बांध्यांतून पाट वाहतात, आणि पलीकडे १९७२ पासून वसलेल्या नोर्ग्येलिंग या तिबेटी वसाहतीच्या प्रार्थना-पताका वाऱ्यावर फडफडतात. येथील माणसांना पाण्याची बारीकसारीक चाल कळते. किती भरलें, किती सुटलें, किती झिरपलें, हें तीं आभाळाकडे पाहावें तितक्या सहज पाहून सांगतात. या ज्ञानाचा पुढें आम्हांस जो उपयोग झाला, तो आमच्या पदवीचा झाला नाहीं.

आमचे सासरे जाऊन सहा वर्षें झालीं. मागें राहिल्या सासूबाई, वय एक्याऐंशी, आणि मोत्या, वय नऊ. मेहुणे त्याच आवारांत पण दुसऱ्या घरांत राहतात. सून चांगली आहे, नातवंडें चांगलीं आहेत. तरी आईंचा खरा सोबती मोत्याच. जातीनें गांवठी, रंगानें तांबूस, एक कान मोडलेला. सासरेबुवांनीं त्याला अर्जुनीच्या बाजारांतून धोतराच्या सोग्यांत गुंडाळून आणलें होतें. आई तुळशीला पाणी घालूं लागल्या कीं हा तीन पावलांवर बसे. त्या जेवूं लागल्या कीं उंबरठ्यावर. त्या त्याच्याशीं दिवसभर कांहींना कांहीं बोलत, आणि तोहि ऐकत असे. निदान आम्हीं वर्गांत बोलतांना आमचे विद्यार्थी जितकें ऐकतात त्याहून तो अधिक लक्षपूर्वक ऐके, हें आम्ही निःशंकपणें सांगतों.

गेल्या दिवाळीस आम्ही सहकुटुंब तेथें गेलों, तों ओसरीवर पाऊल टाकतांच नाकाला एक उग्र दर्प आला. मोत्या जेथें बसे तेथें ओल राही. चालूं लागला कीं मागें थेंबांची रांग उमटे. आईंनीं फडकें घेऊन सारखें पुसावें आणि कोणी कांहीं बोलण्यापूर्वींच ‘पाणी सांडलं’ म्हणावें. दोन दिवस आम्हीं सोसलें. तिसऱ्या दिवशीं, लक्ष्मीपूजनाच्या सकाळीं, रांगोळीवरून ती थेंबांची ओळ गेलेली पाहून आमचा तोल सुटला. आम्हीं निकाल दिला : कुत्रें म्हातारें झालें, त्याचा ताबा गेला, त्याला गोठ्यांत बांधावें. आई कांहीं बोलल्या नाहींत. त्यांनीं स्वतःच साखळी आणून दिली. ती साखळी देतांनाचा त्यांचा चेहरा आम्हीं तेव्हां नीट पाहिला असता, तर हा लेख कदाचित् निम्माच झाला असता.

सौभाग्यवतींनीं मात्र एक शंका काढली. ‘‘अहो, तो नीट खातहि नाहीं. कुठें तुंबलें तर नसेल?’’ यावर आम्हीं मोठ्या तर्कशुद्धपणें उत्तर दिलें कीं, ज्याचें तुंबतें त्याला होत नाहीं. याला तर अष्टौप्रहर होतें आहे. तुंबणें आणि गळणें या परस्परविरुद्ध गोष्टी आहेत. तर्कशास्त्राच्या कोणत्याहि परीक्षकानें या उत्तरास पूर्ण गुण दिले असते. मेहुण्यांनीं जवळपासच्या कोणा उपचार करणाऱ्या गृहस्थास बोलावलें. त्यानें पोटाला हात न लावतां लघवी मोकळी होण्याचें इंजेक्शन टोंचलें आणि ‘उष्णता आहे’ म्हणून तो गेला. त्या रात्रीं मोत्या गोठ्यांत कण्हत होता. दिवाळीच्या फटाक्यांना कुत्रीं भितातच, अशी आम्हीं आमची समजूत घातली व झोंपीं गेलों.

दुसऱ्या दिवशीं पाडव्याचा नमस्कार करण्यास एक वृद्ध गृहस्थ आले. धरणाच्या कालव्यावर सारा जन्म पाटकरी म्हणून काढलेला माणूस. कोणत्या बांधीला किती पाणी गेलें यावरून झालेलीं भांडणें मिटवितां मिटवितां ज्याचे केस पिकले, असा. गोठ्यापाशीं तो थबकला. कांहीं वेळ मोत्याकडे नुसता पाहत राहिला. मग खालीं बसून त्यानें त्याच्या पोटाखालीं तळहात धरला आणि आमच्याकडे वळून म्हणाला, ‘‘गुर्जी, हा मुतत नाई जी, हा गरते. पोट पाहा, टम्म हाये. सांडवा चालू हाये मंजे धरन खाली झालं का?’’

झाडी बोलींत ‘ळ’चा ‘र’ होतो. गळतें याचें गरते. हें भाषाशास्त्रीय टिपण आमच्या मनांत त्याही क्षणीं उठलें, हें कबूल केलें पाहिजे. इतक्या वर्षांची खोड जात नाहीं. पण त्यापाठोपाठ अर्थहि उतरला, आणि कान तापले. सांडवा वाहतो तो धरण रिकामें झालें म्हणून नव्हे, धरण भरलें म्हणून. दाराची वाट बंद, वरून पाणी येतच आहे, तेव्हां जें मावत नाहीं तें काठावरून ओघळतें. तुंबणें आणि गळणें या विरुद्ध गोष्टी नसून एकाच गोष्टीचीं दोन टोंकें आहेत. शिवाय त्या इंजेक्शननें काय केलें असेल हेंहि ध्यानांत आलें : दार बंद असलेल्या धरणांत आम्हीं वरून आणखी पूर सोडला होता.

तासाभरांत मोत्याला जुन्या गोधडीवर घालून आम्ही मेहुण्यांच्या मोटारींतून निघालों. नवेगांवबांध, कोहमारा, मग मोठ्या रस्त्यानें साकोली, भंडारा आणि नागपूर. अंतर सुमारें दीडशें किलोमीटर. नागपुरास पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५८ पासून आहे. मुंबईस परळला तर तें १८८६ पासूनच आहे. माणसांच्या डॉक्टरीचे गोडवे गाणाऱ्या आपल्या सुशिक्षित समाजाला या दुसऱ्या विद्येचा इतिहास फारसा ठाऊक नसतो. आम्हांसहि नव्हता. सेमिनरी हिल्सवर तें महाविद्यालय आहे. त्यावरून आम्ही अनेकदां गेलों असूं, पण आंत पाऊल टाकण्याचा प्रसंग हा पहिलाच. ओसरींत एक शेळी, दोन मांजरें, एक पोपट आणि त्यांचे काळजीनें सुकलेले मालक बसले होते. माणसांच्या दवाखान्यांत रोगी बोलतो आणि नातेवाईक त्याला मध्येंच थांबवून स्वतः बोलतात; येथें निदान तो एक गोंधळ नव्हता.

ज्या तरुण डॉक्टर बाईंनीं मोत्याला तपासलें, त्यांना आम्हीं सविस्तर हकीकत सांगूं लागलों. दिवसांतून किती वेळां, केव्हांपासून, कोणत्या रंगाची, वगैरे. त्यांनीं शांतपणें ऐकून घेतलें व म्हणाल्या, ‘‘तो किती वेळां करतो हें महत्त्वाचें नाहीं, सर. करून झाल्यावर आंत किती उरतें, तें आपण पाहूं.’’ वर्षानुवर्षें उत्तरपत्रिका तपासतांना विद्यार्थ्यानें किती पानें भरलीं हें पाहूं नये असें आम्ही नव्या परीक्षकांस सांगत आलों आहों. त्याच दोषाबद्दल आमचा कान असा धरला जाईल असें वाटलें नव्हतें.

श्राव्यातीत ध्वनि हा शब्द पाठ्यपुस्तकांत आहे. लोकांच्या तोंडीं सोनोग्राफी आहे, म्हणून आम्ही तोच वापरतों. या विद्येचें मूळ जरा मौजेचें आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस स्पालान्झानी नांवाच्या इटालियन शास्त्रज्ञानें वटवाघळांचे डोळे झांकून पाहिलें, तरी तीं अंधारांत न आदळतां उडत. कान बुजवले कीं मात्र आदळत. माणसाला ऐकूं न येणारा आवाज स्वतः काढून त्याच्या प्रतिध्वनीवरून तीं वाट काढतात, हें कळावयास पुढें दीडशें वर्षें लागलीं. मध्यंतरी १८८० सालीं पिएर व जाक क्युरी या बंधूंनीं असे स्फटिक दाखविले कीं जे दाबले असतां विजेचा भार उत्पन्न करतात. आणि उलट, वीज दिली असतां तेच थरथरतात. पहिल्या महायुद्धांत लांजव्हँ यानें त्यांचा उपयोग समुद्रांत बुडून चालणाऱ्या बोटी हुडकण्याकडे केला. शत्रूची पाणबुडी शोधण्याची ती युक्ति पुढें माणसाच्या पोटाकडे वळली, आणि १९५८ सालीं ग्लासगोच्या इयन डोनल्ड यांचा प्रसिद्ध निबंध ‘लॅन्सेट’मध्यें आला. युद्धांतून निघालेल्या वस्तु शेवटीं दवाखान्यांत पोंचाव्या, हें क्वचितच घडतें. घडतें तेव्हां लिहून ठेवावें.

कुत्र्याला माणसाच्या दुपटीहून अधिक उंच स्वर ऐकूं येतात. आपली मर्यादा सेकंदास वीस हजार कंपनांची, त्याची पंचेचाळीस हजारांच्या आसपास. परंतु या यंत्राचा ध्वनि सेकंदास पन्नास ते ऐंशी लाख कंपनांचा, म्हणून तो मोत्यालाहि ऐकूं आला नाहीं. त्याला ऐकूं आलें तें वस्तऱ्याच्या यंत्राची घरघर, कारण आधीं पोटावरचे केस काढावे लागतात. केसांत हवा अडकते आणि हवेपुढें या ध्वनीचें कांहीं चालत नाहीं; म्हणून वर थंडगार जेलीहि लावतात. मऊ गादीच्या पन्हाळीसारख्या पाळण्यांत त्याला उताणा निजविला. सौभाग्यवतींनीं त्याचें डोकें धरलें. तो दांत दाखवील म्हणून आम्ही सावध होतों. पण त्यानें तिच्या मनगटावर हनुवटी टेकली व डोळे मिटले.

मग पडद्यावर जें दिसलें तें असें. शरीराच्या मऊ भागांतून ध्वनि सेकंदास सुमारें १५४० मीटर वेगानें जातो. पांच सेंटिमीटर खोल असलेल्या वस्तूवर आपटून परत येण्यास त्याला सेकंदाचा दहाहजारावा भागहि लागत नाहीं. ज्याला जितकें उलटें फेंकलें जातें तितकें तें पांढरें. स्वच्छ द्रवांतून कांहींच परतत नाहीं, म्हणून लघवीनें भरलेला मूत्राशय केवळ काळा दिसतो. अमावास्येच्या रात्रीं धरणाकांठीं उभें राहिल्यावर पाणी दिसतें तसा. मोत्याच्या पोटांतला तो काळोख पडदाभर पसरला होता. त्याच्या तळाशीं तांदळाच्या चुरीसारखे चमकणारे ठिपके होते, आणि प्रत्येकाच्या मागें एकेक सरळ काळी पट्टी. खड्यावरून ध्वनि परततो, पलीकडे जात नाहीं. म्हणून खड्याची सांवली पडते. मूतखडे. सांवलीवरून वस्तु ओळखण्याचें इतकें शब्दशः उदाहरण आम्हीं यापूर्वीं पाहिलें नव्हतें.

डॉक्टर बाईंनीं पडद्यावर रेघा ओढल्या. लांबी ११ सेंटिमीटर, रुंदी ८, खोली ८. तिघांचा गुणाकार करावयाचा, मग त्याला ०.५२ नें गुणावयाचें, कारण मूत्राशय हा विटेसारखा चौकोनी नसून अंड्यासारखा असतो. उत्तर आलें ३६६ मिलिलिटर. मग मोत्याला आवारांत फिरावयास नेण्यास सांगितलें. त्यानें एका खांबापाशीं पाय वर केला आणि तसाच, थरथरत, जवळजवळ पाव तास उभा राहिला. थेंब पडत होते. पुन्हां आंत आणून मोजलें. फरक दहा-पंधरा मिलिलिटरचा. निरोगी कुत्र्याच्या मूत्राशयांत लघवी झाल्यावर दर किलो वजनामागें अर्ध्या मिलिलिटरच्या आंतच उरतें. मोत्या अठरा किलोंचा. म्हणजे आठ-नऊ मिलिलिटर उरावयास हवें होतें. दोन आंकड्यांमधील ही वजाबाकी म्हणजे सारी परीक्षा. चित्र नुसतें घर दाखवितें. घरांतलें काम चालतें कीं नाहीं हें पाहावयाचें तर दोन वेळां पाहावें लागतें, कामापूर्वीं आणि कामानंतर.

नंतर त्यांनीं मूत्रपिंडें पाहिलीं. कुत्र्यांच्या जातींत मुठीएवढ्या प्राण्यापासून वासराएवढ्या प्राण्यापर्यंत सारे असल्यामुळें अमुक इतकें लांब म्हणजे ठीक, असें मूत्रपिंडाचें एक माप सांगतां येत नाहीं. म्हणून शेजारून जाणाऱ्या महारोहिणीच्या जाडीशीं तें ताडतात. तिच्या साडेपांच ते नऊ पट लांबी असली कीं ठीक. लांबी ठीक होती. परंतु दोन्ही मूत्रपिंडांच्या मध्यभागींची पोकळी, जी एरवीं जेमतेम दिसावयाची, ती काळी व फुगलेली होती. खालचें तुंबलेलें पाणी मागें चढलें होतें. धरणाच्या फुगवट्यांत वरचीं शेतें बुडतात, त्यांतलाच प्रकार. येथें यंत्राचें सांगणें संपतें. चाळणीचें काम किती उरलें हें रक्त तपासून पाहावें लागतें, आणि रक्तहि प्रामाणिकपणें सांगतें असें नाहीं. मूत्रपिंडांचें सुमारें तीन चतुर्थांश काम बंद पडेपर्यंत क्रिअॅटिनिन वाढतच नाहीं. मोत्याचें तें वाढलें होतें. ‘‘आणखी दोन दिवस गेले असते तर मी कदाचित् निराळें बोललें असतें,’’ एवढेंच डॉक्टर बाई म्हणाल्या. आम्हीं फटाक्यांची सबब सांगितली नाहीं.

सोनोग्राफीस सर्व दिसतें असेंहि नव्हे. नर कुत्र्याच्या लिंगांत एक हाड असतें आणि मूत्रमार्ग त्याच्या खोबणींतून जातो. खडे नेमके त्या हाडाच्या मागच्या तोंडाशीं अडकतात, आणि ते एक्स-रेमध्यें अधिक बरे दिसतात. मोत्याचे दोन तेथेंच बसले होते. मिठाच्या पाण्याच्या जोरानें ते मागें मूत्राशयांत ढकलले, नळी घालून पाणी हळूहळू काढलें, आणि दोन दिवसांनीं रक्त जरा सुधारल्यावर पोट उघडून एकंदर सात खडे काढले. ते आम्हांस एका कांचेच्या डबींत देण्यांत आले. मोठ्यांतला मोठा हरभऱ्याएवढा.

त्या रात्रीं नागपूरच्या मुक्कामांत झोंप येईना म्हणून आम्हीं सुश्रुतसंहितेचें जुनें भाषांतर काढून बसलों. अश्मरीवर तेथें निदान आहे, चिकित्सा आहे, शस्त्रकर्माचे धोके सांगितले आहेत. पण आम्हांस थांबविलें तें एका दृष्टान्तानें. नवा मातीचा घडा गळ्यापर्यंत पाण्यांत ठेवला असतां तोंडांतून न शिरतांहि पाणी चहूंबाजूंनीं झिरपून तो भरतो, तसा बस्ति भरतो, असें तो आचार्य म्हणतो. शरीरशास्त्र म्हणून हें चुकीचें आहे. मूत्रपिंडांपासून दोन नलिका येतात व त्यांतून मूत्राशय भरतो. तथापि दिसत नसलेल्या गोष्टीकडे पाहण्याची ती धडपड, हातांतल्या घड्यावरून पोटांतल्या घड्याचा तर्क करण्याची, आम्हांस फार जवळची वाटली. आमच्या पाटकऱ्यानेंहि याहून निराळें काय केलें होतें?

खडे निघाले म्हणजे काम झालें असें आम्ही समजत होतों. तसें नव्हतें. फार दिवस ताणलेला मूत्राशय सैल पडतो, त्याचे स्नायु आखडण्याचें विसरतात. दार उघडें, पण पाणी ढकलणारें कोणी नाहीं. म्हणून पुढील तीन आठवडे दर काही दिवसांनीं मोत्याला पाळण्यांत घालून, फिरवून आणून, पुन्हां पाळण्यांत घालून उरलेल्याचें माप घेण्यांत आलें. मधल्या वेळांत पोटावर दोन्ही तळहात ठेवून हलका दाब देऊन तो रिकामा करावयाचा, हें सौभाग्यवती शिकल्या. आम्हांस तें जमलें नाहीं, आमचा हात भितो. आंकडे मात्र आम्हीं वहींत लिहीत गेलों : १४०, ९५, ६०, ६०, ३५. मधला तो दुसरा साठ पाहून आमचा धीर सुटला होता. वही अद्याप आमच्या टेबलावर आहे, आणि तिच्यांतलें पहिलें अर्धें पान शेक्सपियरच्या एका नाटकावरील टिपणांनीं भरलेलें आहे, हें कोणा भावी संशोधकाच्या सोयीसाठीं सांगून ठेवतों.

शेवटच्या तपासणीच्या दिवशीं डॉक्टर बाईंनीं एक कळ फिरवली आणि पडद्यावर रंग आले. १८४२ सालीं डॉप्लर यानें जोडताऱ्यांच्या प्रकाशाविषयीं मांडलेला आणि १८४५ सालीं हॉलंडांत आगगाडीवर कर्णे वाजविणारे लोक बसवून पारखलेला तो नियम, कीं जवळ येणाऱ्याचा स्वर चढतो आणि दूर जाणाऱ्याचा उतरतो. जवळ येणारें तांबडें, दूर जाणारें निळें. आम्ही काळ्या पडद्याकडे पाहत होतों. अकस्मात् एका कोपऱ्यांतून तांबडी ज्वाला उसळली व विझली. थोड्या वेळानें दुसऱ्या कोपऱ्यांतून. मूत्रपिंडांकडून येणाऱ्या नलिका आपापली चूळ मूत्राशयांत टाकीत होत्या. डावी, उजवी, पुन्हां डावी. दोन्ही वाटा मोकळ्या होत्या. आम्ही तेथें किती वेळ उभे होतों कोण जाणे. मागें एक ससा आपली पाळी येण्याची वाट पाहत होता.

आतां आम्हांस जरा मागें जावें लागेल. शस्त्रक्रियेनंतर आम्ही एकटे इटियाडोहास परतलों त्या रात्रीं ओसरीवर सर्व मंडळी जमली होती. आम्हीं प्राध्यापकी थाटांत सर्व समजावून सांगितलें : ज्याची सारखी गळते त्याचें रिकामें झालेलें नसतें, उलट भरून वाहत असतें; आणि वयाच्या माथीं मारून स्वस्थ बसलें तर मूत्रपिंडें जातात. आई खांबाला टेकून ऐकत होत्या. मध्येंच उठून आंत गेल्या. सकाळीं त्यांनीं आपल्या लेकीला फोन करून विचारलें, ‘‘जावईबापूले इचार, ते यंत्र मानसाचंबी पोट पाह्यते का म्हनून.’’

दोन वर्षें. दोन वर्षें त्या भजनाला गेल्या नव्हत्या. गुडघे दुखतात असें सांगत. संध्याकाळनंतर पाणी पीत नसत. पाहुणे आले कीं वेगळ्या पाटावर, दाराजवळ बसत. जुन्या लुगड्यांच्या घड्या कोठें जातात असें सुनेनें एकदां विचारलें, तेव्हां पोतेऱ्याला वापरतें म्हणाल्या. घरांत दोन पदवीधर मुलें, एक प्राध्यापक जावई, एक शिक्षिका लेक. आणि या सर्वांनीं मिळून ‘आईंचें वय झालें’ असें एक वाक्य तयार करून ठेवलें होतें. त्यांनीं मोत्याचे थेंब कां पुसले, आणि साखळी न बोलतां कां आणून दिली, तें आम्हांस त्या फोनच्या वेळीं कळलें. ओल आली कीं माणसाला कोठें नेऊन बसवितात, हें त्या पाहत होत्या.

त्यांना आम्हीं एका सोनोग्राफी केंद्रांत नेलें. तेथें भिंतीवर ठळक अक्षरांत पाटी होती, येथें गर्भलिंगनिदान केलें जात नाहीं. असा कायदा करण्यांत महाराष्ट्र पहिला, १९८८ सालीं. मग १९९४ मध्यें साऱ्या देशासाठीं झाला. शत्रूची पाणबुडी शोधणाऱ्या यंत्राला आमच्या समाजानें कोणत्या कामास जुंपलें, त्याची ती पाटी साक्ष आहे. आईंनीं ती सावकाश, अक्षर लावीत वाचली. त्यांना एका पाठोपाठ चार मुली झाल्या होत्या. त्यांतली तिसरी आमच्या घरीं आहे. त्या पाटीखालीं बसून त्या कांहीं बोलल्या नाहींत, आणि आम्हीहि विचारलें नाहीं.

परीक्षा तीच. आधीं मोजलें, मग जाऊन येण्यास सांगितलें, मग पुन्हां मोजलें. जाऊन आल्यावरहि चारशें मिलिलिटर उरलें होतें. खडा नव्हता. वीस वर्षांच्या मधुमेहानें मूत्राशयाच्या मज्जातंतु बधिर केल्या होत्या. भरल्याची वर्दीच वरपर्यंत पोंचत नव्हती. सुदैवानें मूत्रपिंडें फार फुगलीं नव्हतीं. आतां दर तीन तासांनीं घड्याळ लावून जावयाचें, झाल्यावर थोडें थांबून पुन्हां प्रयत्न करावयाचा, आणि सकाळ-संध्याकाळ सुनेनें स्वच्छ नळीनें उरलेलें काढावयाचें, असें ठरलें आहे. सून तें इतक्या सहज करते कीं आम्हांस आमच्या सभ्यतेची लाज वाटते. हें लिहिण्यापूर्वीं आम्हीं आईंची परवानगी मागितली. ‘‘लिवा न जी,’’ त्या म्हणाल्या, ‘‘पन माह्यं नाव नोका टाकू. मोत्याचं टाका.’’ त्याप्रमाणें केलें आहे.

मोत्या परत आला त्या दिवशीं मेहुण्यांनीं आवाराच्या फाटकाला नवा निळा रंग दिलेला होता, अजून ओला. मोटारींतून उतरतांच तो तडक तिकडे गेला आणि त्यानें पाय वर केला. धार लागली. कोणी ‘हाट्’ म्हटलें नाहीं. पाटकरीबुवा पाळीवर बसले होते, ते उठून उभे राहिले. आई ओसरीच्या पायरीवर आल्या व एक, दोन, तीन असे मोजूं लागल्या. सतरापर्यंत त्यांनीं मोजलें. मग आंतून घड्याळाचा गजर झाला, तसें ‘‘माह्यी बी येळ झाली’’ म्हणून त्या आंत गेल्या.